खाडीकाठच्या पक्ष्यांसाठी आपले मत कुठे मोजले जाते?

आपला प्रश्न मी आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ कळेल. आपण सत्तावीस वर्षांचे आहात, दोन वर्षांपासून नवी मुंबईत सीवूड्सला भाड्याच्या घरात राहता आणि खिडकीतून आपल्याला डीपीएस तलावावर उतरणारे फ्लेमिंगो दिसतात. या पक्ष्यांसाठी काहीतरी करावे म्हणून जानेवारीत महापालिकेच्या मतदानाला निघालात, तेव्हा आपले नाव अजून कराडच्याच यादीत असल्याचे कळले. एकाही उमेदवाराच्या पत्रकात पक्ष्यांचा उल्लेख नव्हता आणि पुढची निवडणूक आता पाच वर्षांनी येणार. तेव्हा मताने वन्यजीव वाचतात हे खरे आहे, की नुसते सांगण्यापुरते आहे, असे आपण विचारले आहे.

मी वनाधिकारी नाही आणि वकीलही नाही. ठाणे आणि नवी मुंबईत गेली वीस-एक वर्षे मी हिवाळ्यात पक्षी मोजते आणि उरलेले वर्षभर त्यांच्यासाठी अर्ज, हरकती आणि माहिती अधिकाराची पत्रे लिहिते. त्या अनुभवावरून माझे मत असे आहे की मताने वन्यजीव वाचतात, परंतु मतदानाच्या दिवशी वाचत नाहीत. मत दिल्यामुळे एका विशिष्ट लोकप्रतिनिधीकडे आपण त्याचे मतदार म्हणून जाऊ शकतो. ते जाणे निर्णयाच्या नेमक्या आठवड्यात आणि हातात लेखी कागद घेऊन झाले, तर तलाव किंवा झाड वाचण्याची शक्यता बरीच वाढते. त्यामुळे आपला खरा प्रश्न मत कोणाला द्यावे हा नाही. आपल्या खिडकीसमोरच्या जागेचा निर्णय कोणत्या टेबलावर होतो, आणि त्या टेबलापर्यंत आपल्या मताची वाट कुठून जाते, हा तो प्रश्न आहे.

ही वाट सरळ नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर आहे आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जाही मिळाला. हे अभयारण्य राज्याच्या वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे, म्हणजे खारफुटीची जंगले सांभाळणाऱ्या शाखेकडे, आहे. मात्र फ्लेमिंगो चोवीस तास अभयारण्यात राहत नाहीत. ओहोटीला खाडीतला चिखल उघडा पडला की ते तिथे खातात आणि भरतीचे पाणी चढले की त्यांना टेकायला उथळ पाणथळ जागा लागते. ती जागा म्हणजे नेरूळ-सीवूड्सच्या बाजूचे तलाव, आणि हे तलाव अभयारण्याच्या रेषेबाहेर आहेत. तिथल्या जमिनीचा मोठा भाग सिडकोकडे आहे. सिडको ही राज्य सरकारची कंपनी असून तिचे संचालक आपण निवडून देत नाही, म्हणून तिला प्रश्न विचारण्याचा मार्ग आमदारामार्फत विधिमंडळातून जातो. त्याच जमिनीवर विकास आराखड्यात कोणता रंग भरायचा, म्हणजे तिचा वापर कशासाठी होणार, हे महापालिका सुचवते आणि राज्याचे नगरविकास खाते त्याला अंतिम मंजुरी देते. काठावरचे दिवे, कचरा आणि झाडे मात्र पूर्णपणे महापालिकेची. शिवाय १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वने आणि वन्यजीव हे विषय समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा विषयांत, गेल्यामुळे संसदेचा कायदाही येथे लागू होतो. एकाच पक्ष्याच्या एका दिवसाच्या फेरीत महापालिका, विधानसभा आणि लोकसभा अशी आपली तिन्ही मते लागतात, ती अशी.

डीपीएस तलावाला संवर्धन राखीव क्षेत्राचा, म्हणजे वन्यजीव कायद्याखालील संरक्षित जागेचा, दर्जा देण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२५ मध्ये घेतला, हे आपल्याला ठाऊक असेलच. त्याच्या आदल्या वर्षी तलावात भरतीचे पाणी येणे जवळजवळ थांबले होते, तळ हिरवट शेवाळाने भरला होता आणि परिसरात फ्लेमिंगो मरून पडल्याच्या बातम्या येत होत्या. एका तलावाचे नाव यादीत आले म्हणून शेजारच्या पाणथळ जागा सुरक्षित झाल्या असे होत नाही, आणि नाव आलेल्या तलावातही पाणी येण्याची वाट मोकळी आहे की नाही हे वर्षभर कोणीतरी पाहावे लागते. नागरिकांचे काम मुख्यतः हेच असते, आणि ते कसे चालते हे एका प्रसंगातून सांगते.

सुमारे बारा वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका पाणथळ जागेवर भराव पडत असल्याची तक्रार आम्ही केली. तक्रारीची दखल घेतली गेली, अधिकारी पाहणीला आले आणि पंचनाम्यात नोंद झाली की जागेवर पक्षी आढळले नाहीत. आम्ही संतापलो, पण नोंद खोटी नव्हती, कारण पाहणीच्या वेळी तिथे खरोखर एकही पक्षी नव्हता. सारसोळेच्या एका कोळी काकांना मी हे सांगितले, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तिथी कोणती होती?" चतुर्थी होती आणि वेळ सकाळी साडेनऊची. काका म्हणाले, "तिथीची पाऊणपट कर." चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पूर्ण भरती पहाटे तीनला आणि पुन्हा दुपारी तीनला, आणि साडेनऊला सुकती, म्हणजे ओहोटी. सुकतीला सगळे पक्षी खाडीच्या चिखलावर चरत असणार, तलावावर कशाला येतील? पुढचा अर्ज आम्ही एका पानाचा केला. त्यात फेब्रुवारीतल्या पौर्णिमेची तारीख, त्या दिवशीच्या भरतीची वेळ आणि भूखंडाचा क्रमांक लिहिला, आणि फेरपाहणी त्याच वेळी व्हावी अशी विनंती केली. सोबत आमच्या प्रभागाच्या नगरसेविकेचे दोन ओळींचे पत्र जोडले. फेरपाहणी दुपारी बाराच्या सुमारास झाली. अधिकारी पोहोचले तेव्हा पाण्यावर गुलाबी थर पसरला होता, शेवटचे थवे खाडीवरून येऊन उतरत होते आणि अंगठ्याएवढ्या चोचींच्या हालचालीने पाण्याला सतत खळखळ येत होती. या वेळचा पंचनामा वेगळा झाला आणि भराव थांबला.

या प्रसंगात मताचा भाग केवढा होता, असे आपण विचाराल. नगरसेविकेचे ते पत्र एवढाच. पण ते पत्र नसते तर फेरपाहणीचा अर्ज महिनोन्‌महिने पडून राहिला असता, हे मला त्या कार्यालयातल्या लिपिकानेच सांगितले. बाईंना पक्ष्यांची आवड होती असे नाही. आमच्या तीन इमारतींतले मतदार नियमित मतदान करतात आणि वर्षातून दोनदा तरी लेखी काहीतरी मागतात, हे त्यांना माहीत होते, म्हणून त्यांनी पत्र दिले.

आता विकास आराखड्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण वन्यजीवांचे सर्वांत मोठे नुकसान कुऱ्हाडीने किंवा बंदुकीने होत नाही, ते नकाशावरच्या रंगाने होते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर नागरिकांकडून ठरावीक मुदतीत हरकती आणि सूचना मागवल्या जातात आणि नियोजन समितीपुढे त्यांची सुनावणी होते. नवी मुंबईचा प्रारूप आराखडा २०२२ मध्ये हरकतींसाठी खुला झाला तेव्हा महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता. २०१५ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत २०२० मध्ये संपली होती, आणि १५ जानेवारी २०२६ च्या मतदानापर्यंत कारभार प्रशासकाकडे राहिला. ठाण्यातही मार्च २०२२ पासून तीच स्थिती होती. मी प्रशासकांच्या हेतूवर बोट ठेवत नाही. मात्र ज्या काळात शहराचा पुढच्या वीस वर्षांचा नकाशा रंगत होता, त्या काळात महासभेत उभे राहून या पाणथळीवर निवासी रंग का, असे विचारणारे कोणी नव्हते, आणि नागरिकांच्या हाती फक्त हरकतीचा कागद उरला होता.

तो कागद कसा लिहावा हे मी चुका करून शिकले. सुरुवातीला आम्ही एकच मजकूर छापून घरोघरी सह्या घेत असू. शेकडो पत्रे जमली की फार मोठे काम झाल्यासारखे वाटे. सुनावणीत ती सगळी पत्रे एकाच हरकतीत गुंडाळली जात आणि उत्तरही एका ओळीत मिळे. याउलट माझ्या एका शेजारणीने स्वतःच्या हाताने लिहिलेल्या पत्रात सेक्टर, भूखंड क्रमांक, आराखड्यातला प्रस्तावित वापर, त्या जागेवरचे तिवरांचे म्हणजे खारफुटीचे पट्टे, गेल्या तीन हिवाळ्यांतली तारीखवार छायाचित्रे आणि मागणी म्हणून "हा भूखंड पाणथळ म्हणून दाखवावा" असे एकच वाक्य होते. समितीने तिला वीस मिनिटे ऐकले. कांदळवनाचा मुद्दा असेल तर मुंबई उच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालाचा उल्लेख अवश्य करावा. कांदळवन नष्ट करणे हा जगण्याच्या मूलभूत अधिकाराचा भंग ठरतो असे न्यायालयाने त्यात म्हटले आहे, कांदळवनाभोवती पन्नास मीटरचा संरक्षक पट्टा सांगितला आहे, आणि देखरेखीसाठी कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यास सांगितले आहे. आयुक्तांचे कार्यालय बेलापूरच्या कोकण भवनात आहे, म्हणजे आपल्यापासून दोन-तीन स्थानकांच्या आत. तक्रार द्यायला मंत्रालय गाठण्याची गरज नाही.

झाडांचे प्रकरण याहून घाईचे असते. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार झाड तोडण्यापूर्वी वर्तमानपत्रात सूचना द्यावी लागते आणि झाडावरही नोटीस लावावी लागते. हरकतीची मुदत बहुधा आठवडाभराचीच असते. ठाण्यात एका संकुलातल्या जुन्या पर्जन्यवृक्षावर दर पावसाळ्यात रात्रबगळे आणि छोटे बगळे घरटी करत. खाली उभ्या गाड्यांवर विष्ठा पडते म्हणून एका वर्षी जुलैमध्ये फांद्या छाटल्या गेल्या. मी पोहोचले तेव्हा पिसेही न फुटलेली पिल्ले ओल्या काँक्रीटवर पडलेली होती आणि वर उरलेल्या बुंध्यावर मोठे पक्षी नुसते बसून होते. त्या पिल्लांपैकी दोनच जगली. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येतच रानपक्ष्यांची अंडी आणि घरटी यांना धक्का लावणे येते, हे त्या संकुलातल्या कोणालाही माहीत नव्हते, आणि खरे सांगायचे तर तोपर्यंत मलाही नीट माहीत नव्हते. वृक्ष प्राधिकरणावर नगरसेवक सदस्य असतात. आता सभागृह आले आहे, तेव्हा ज्या झाडांवर बगळ्यांची वसाहत आहे त्यांची छाटणी जून ते सप्टेंबर होऊ नये, असा ठराव आपल्या प्रभागातल्या नगरसेवकामार्फत मांडून घेणे शक्य आहे. पाच वर्षांहून अधिक काळ हे शक्य नव्हते.

आपण ठाण्याच्या मित्राचाही उल्लेख केला आहे, जो येऊरच्या पायथ्याशी राहतो आणि बिबट्यांविषयी विचारतो. त्याने उमेदवाराला किंवा नगरसेवकाला बिबट्यासाठी काय करणार असे विचारू नये, कारण त्याला वन विभागाकडे बोट दाखवणारे उत्तर मिळेल आणि ते उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबरही असेल. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या काठावरच्या बिबट्याच्या आहारात भटक्या कुत्र्यांचा मोठा वाटा असतो, कुत्री उघड्या कचऱ्यावर वाढतात, आणि कचरा हा शंभर टक्के महापालिकेचा विषय आहे. म्हणून त्याने विचारावे की आमच्या रस्त्यावरची कुंडी संध्याकाळपूर्वी उचलली जाते का, रस्त्यावरचा दिवा किती दिवस बंद आहे, आणि निर्बीजीकरणासाठी या वर्षीच्या अर्थसंकल्पात किती तरतूद आहे. उद्यानाभोवतीचे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र २०१६ मध्ये अधिसूचित झाले आहे, त्यामुळे तिथल्या नव्या बांधकामाविषयी किंवा रात्रीच्या झगमगाटाविषयी तक्रार करताना त्या अधिसूचनेचा आधार घेता येतो.

प्रभागाची रचनाही समजून घ्या. नवी मुंबईत २८ प्रभागांतून १११ आणि ठाण्यात ३३ प्रभागांतून १३१ नगरसेवक निवडले जातात, म्हणजे बहुतेक प्रभागांत चार. चार लोकप्रतिनिधी असणे ऐकायला बरे वाटते, पण व्यवहारात प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. यावर आम्ही काढलेला उपाय साधा आहे. पत्र चौघांच्या नावे एकत्रच लिहायचे, प्रत पोहोचल्याची सही प्रत्येकाकडून घ्यायची, आणि पंधरा दिवसांनी कोणी काय उत्तर दिले ते चौघांनाही कळवायचे. नोटाविषयीही, म्हणजे 'वरीलपैकी कोणीही नाही' या पर्यायाविषयीही, आपण विचारले आहे. राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये असा आदेश काढला होता की स्थानिक निवडणुकीत नोटाला सर्वाधिक मते मिळाल्यास फेरनिवडणूक घ्यावी. तरीही मी स्वतः नोटा वापरत नाही, कारण पुढची पाच वर्षे मला कोणाच्या तरी दारात उभे राहायचे असते आणि नोटाला दार नसते.

कोणत्या पक्षाला मत द्यावे हे मी सांगणार नाही. पाणथळ जागा वाचवणारे आणि त्या विकासाला खुल्या करू पाहणारे असे दोन्ही प्रकारचे लोक मला जवळजवळ प्रत्येक पक्षात भेटले आहेत. उमेदवाराने आश्वासन काय दिले यापेक्षा, तो आधी सभागृहात असेल तर त्याने कोणत्या ठरावावर काय भूमिका घेतली हे पाहावे. महासभेचे इतिवृत्त माहिती अधिकारात मिळते. शुल्क दहा रुपये आहे आणि राज्याच्या नियमांप्रमाणे अर्ज दीडशे शब्दांत व एकाच विषयावर असावा लागतो, म्हणून पाल्हाळ लावू नका.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात आणि त्यांत मी कोणताही सरसकट सल्ला देऊ शकत नाही. नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीखाली आहे, म्हणून पावसाचे पाणी साठवणारे धारण तलाव बांधले गेले, आणि त्यांपैकी काहींत कालांतराने तिवरे वाढली. गाळ काढला तर तिवरे जातात, न काढला तर वस्तीत पाणी शिरण्याची भीती असते. असा प्रश्न आपल्या प्रभागात असेल तर फक्त पक्ष्यांच्या बाजूने ओरडून भागणार नाही. पाणी शिरणाऱ्या घरांतल्या लोकांसोबत बसावे लागेल आणि किती भागातला गाळ काढायचा यावर बोलावे लागेल. गावठाणातल्या प्रकल्पग्रस्तांच्या घरांचा प्रश्नही तसाच आहे. ज्यांच्या जमिनीवर हे शहर उभे राहिले, त्यांना पक्षीप्रेमी मंडळी आपल्या विरोधात आहेत असे वाटले, तर त्या प्रभागात पक्ष्यांना एकही मत मिळणार नाही. शिवाय संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर करताना स्थानिक लोकांशी सल्लामसलत करावी असे कायदाच सांगतो, आणि माझ्या मते ती तरतूद अतिशय योग्य आहे. भरतीचे गणित मला ज्या काकांनी शिकवले, त्यांच्या जाळ्यावरच बंदी आणणारा अर्ज मी कधीही लिहिणार नाही.

आता आपण स्वतः काय करावे. कराडचे नाव काढून इकडे आणण्यासाठी नमुना ६ भरू नका, तो नव्या मतदारांसाठी आहे. पत्ता बदलण्यासाठी नमुना ८ भरावा लागतो, आणि भाडेकरूलाही तो भरता येतो. जानेवारीच्या निवडणुकीसाठी १ जुलै २०२५ ची विधानसभा मतदारयादी धरली गेली होती, म्हणून निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करून उपयोग नसतो. हे काम याच महिन्यात उरका. विधानसभेचे मतदान २०२९ मध्ये अपेक्षित आहे, आणि सिडकोच्या जमिनीविषयी आपल्याला जे विचारायचे आहे ते विचारण्याची जागा तीच आहे.

नाव येईपर्यंत थांबण्याचे मात्र कारण नाही, कारण हरकत, तक्रार आणि माहिती अधिकाराचा अर्ज यांसाठी मतदारयादीत नाव असावे लागत नाही. महापालिका आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी शहराच्या पर्यावरण सद्यस्थितीचा अहवाल सभागृहापुढे ठेवायचा असतो. यंदा कित्येक वर्षांनी तो निवडून आलेल्या सभागृहापुढे येईल. जूनमध्ये आपल्या चारही नगरसेवकांना पत्र द्या आणि त्या अहवालावरील चर्चेत एकच गोष्ट विचारायला सांगा: तलावात भरतीचे पाणी आणणाऱ्या वाटांची शेवटची साफसफाई कोणत्या तारखेला झाली?

पत्र देऊन झाल्यावर पुढच्या हंगामात त्यांच्यापैकी एकाला तरी तलावावर घेऊन जा. जानेवारी ते मार्चमधली पौर्णिमा किंवा अमावास्या निवडा, कारण उधाणाच्या भरतीला खाडीतला चिखल पूर्ण बुडतो आणि पक्षी तलावावर येतात. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे कमी चढणाऱ्या भरतीला, तेवढे येत नाहीत. अकराच्या सुमारास काठावर उभे राहा, दुर्बीण आधी त्यांच्या हातात द्या, आणि थवे उतरून स्थिर होईपर्यंत काही बोलू नका.